आयातीपुढे कारखाना टिकला नाही, तर कामगाराच्या हाती काय येतं?

आजचा विषय जरा कोरडा वाटेल. पण नांदेड-लातूरच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचं कुणी कामाला आहे, त्यांच्यासाठी तो घरातलाच आहे. बाहेरून स्वस्त माल आला, इथला कारखाना बंद पडला, कामगार घरी बसला. त्याला सरकारकडून काय मिळतं? उत्तर आधीच सांगून टाकतो. 'आयातीमुळे काम गेलं' हे कारण धरून मदत देणारी योजना आपल्याकडे नाही. जे मिळतं ते दुसऱ्या दारांनी मिळतं. ती दारं कोणती आणि ती कुठे अडतात, एवढंच आज बघू.

अमेरिकेत अशी योजना १९६२च्या व्यापार कायद्याने आली, १९७४मध्ये ती मोठी झाली. आयातीने नोकरी गेल्याचं सिद्ध झालं की प्रशिक्षण आणि त्या काळात भत्ता मिळायचा. जुलै २०२२पासून तिथे नवे अर्ज घेणं थांबलं. युरोपीय संघाचा असा निधी २००७पासून आहे. आपल्याकडे १९७५च्या सीमाशुल्क दर कायद्याखाली पडेल भावाने येणाऱ्या मालावर जादा शुल्क लावता येतं. पण ते मागतो उद्योग आणि दिलासाही मिळतो उद्योगाला. कारखाना वाचला की कामगार वाचेल, असं त्यात गृहीत आहे.

लातूरचं तेल

लातूर म्हणजे डाळ आणि तेल. केशवराव सोनवणे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सहकारी 'डालडा फॅक्टरी' जुन्या मंडळींना आठवत असेल. १९९४मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. तेव्हा शुल्क ६५ टक्के होतं, ते चार-पाच वर्षांत १५ टक्क्यांवर आलं. आज देशाच्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून.

यातली एक गंमत लक्षात घ्या. कच्चं तेल आणि रिफाइंड तेल यांच्या शुल्कातला फरक कमी असला, तर तयार तेलच बंदरात उतरतं आणि इथल्या रिफायनऱ्या रिकाम्या पडतात. म्हणून ३० मे २०२५ला सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २०वरून १० टक्के केलं. एकूण फरक ८.२५वरून १९.२५ टक्के झाला. रिफायनरीला बरं झालं. पण कच्चं तेलही स्वस्त झालं, म्हणजे सोयाबीन गाळणाऱ्या मिलवर आणि शेतकऱ्यावर दाब आला. दिल्लीतला एकच आकडा आणि एमआयडीसीतल्या दोन शेडांमध्ये दोन वेगळे परिणाम!

नांदेडची गिरणी

कापड कामगारांसाठी मात्र एक खास योजना होती: वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी, १५ सप्टेंबर १९८६पासून. गिरणी कायमची बंद झाली तर पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. अट अशी, की गिरणी खासगी हवी. नांदेडची निजामकालीन उस्मानशाही मिल १९७४च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली होती. महामंडळाच्या गिरण्या बंद होताना कामगारांपुढे आली ती स्वेच्छानिवृत्ती. या गिरण्या बुडाल्या त्या फक्त आयातीने नव्हे. यंत्रमाग आणि जुनी यंत्रं ही कारणंही मोठी होती. पण मुद्दा हा, की मदत ठरली ती मालक कोण यावरून. २०१७मध्ये हा निधी बंद करून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला.

आजची दारं

पहिलं दार नुकसानभरपाईचं. कपात झाली तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १५,००० पगार आणि १० वर्षं सेवा असेल तर साधारण ७५,००० रुपये. ही रक्कम मालक देतो, सरकार नाही. 'आयातीमुळे तोटा झाला, माल पडून राहिला, म्हणून भरपाई कमी देतो' असं मालक म्हणू शकत नाही. कायद्यात ही कारणं 'टाळता न येणारी' धरलेली नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १५ दिवसांच्या पगाराइतकी आणखी एक रक्कम पुनर्कौशल्य निधीतून देण्याची तरतूद आहे. त्याच संहितेने कारखाना बंद करायला सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३००वर नेली.

दुसरं दार ईएसआयचं. राजीव गांधी योजनेत (२००५) पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत (२०१८) आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता. तो आधी २५ टक्के होता, कोरोनाकाळात ५० झाला. म्हणजे १५,००० पगारावर तीन महिन्यांचे साधारण २२,५००. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून आधी शाखा कार्यालयात चौकशी करा.

अडतं कुठे?

हंगामी कामात. अटल योजनेला दोन वर्षं विमायोग्य नोकरी लागते, आणि सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवस भरलेले लागतात. सोयाबीनच्या हंगामापुरती चालणारी मिल, ठेकेदाराकडचा हमाल, कागदावर दहाच्या आत दाखवलेले कामगार: इथे हजेरीच नाही, तर हक्क कुठून येणार?

दुसरी अडचण सहीची. कारखाना बंद करताना 'राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो' असं सांगितलं जातं. राजीनामा दिला की कागदावर कपात उरत नाही. मग भरपाईही गेली आणि राजीव गांधी योजनाही. म्हणून सांगतो, बाबांनो, हिशोबाच्या कागदावर सही करण्याआधी वरचा मथळा वाचा. वेतनचिठ्ठ्या, ईएसआय क्रमांक, पीएफची नोंद घरी ठेवा, आणि अंशदान खरंच भरलं जातंय का ते नोकरी चालू असतानाच बघा. नोकरी गेल्यावर हे कागद मिळवणं फार अवघड जातं.

शेवटी धोरणाचा प्रश्न उरतो. शुल्क कमी केलं की तेल स्वस्त होतं, त्याचा फायदा कोट्यवधी घरांना थोडा थोडा होतो. त्याची किंमत मात्र थोड्या कारखान्यांतले थोडे लोक पुरी मोजतात. सगळ्यांच्या फायद्यातून त्यांना काही देणं हे उपकार नाहीत, हिशोब आहे. तो हिशोब आपल्या कायद्यात अजून मांडलेला नाही.