पुढची नको, शंभरावी संख्या सांगा

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी ज्या घरात चालू असते, तिथे ‘३, ७, ११, १५, ?’ या जातीचे प्रश्न रोजचे असतात. फरक चारचा, म्हणून १९. पुढचा प्रश्न घ्या. मोबाइलवरची गणिताची पुष्कळशी ॲप हाच सराव जरा रंगीत करून देतात. उत्तर बरोबर आलं की तारा, चुकलं की फुली. सराव वाईट नाही, पण मूल संख्यामालिका सोडवतंय म्हणजे त्याची बीजगणिताकडे वाटचाल सुरू झाली, असं समजणं घाईचं होईल. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात ‘आकृतिबंध’ आणि ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ असे दोन पाठ आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात मूल नेमकं कसं जातं, आणि त्या वाटेवर संगणकाचा किंवा फोनचा पडदा कुठे कामाला येतो, ते पाहू.

काड्यांचे चौकोन

आगपेटीच्या काड्यांचा एक चौकोन करायला ४ काड्या लागतात. त्याला चिकटून दुसरा केला की ७, तिसरा केला की १०. ‘दर वेळी तीन वाढतात’ हे तिसरीतलं मूलही सांगतं. पाचव्या, सहाव्या चौकोनापर्यंत तेवढ्यावर भागतं. मग विचारायचं, असे शंभर चौकोन जोडले तर किती काड्या?

इथे दोन गोष्टी घडतात. काही मुलं खरोखरच तीन-तीन मिळवत बसतात आणि विसाव्याच्या आसपास कंटाळतात. काहींना पळवाट सापडते: दहा चौकोनांना ३१, म्हणून शंभरांना ३१०. ही चूक इतकी नेहमीची आहे की ती आली नाही तरच नवल वाटावं. दहा-दहा चौकोनांच्या पट्ट्या जोडताना प्रत्येक सांध्यावरची उभी काडी दोनदा मोजली जाते, हे मुलांना दिसलेलं नसतं. असे सांधे नऊ, म्हणून खरं उत्तर ३०१.

ते दिसावं म्हणून पडद्यावर चित्र काढून काड्यांना रंग द्यावेत. जिओजेब्रासारख्या मोफत साधनात हे सहज जमतं, साध्या चित्रकलेच्या ॲपमध्येही. एक मूल डावीकडची पहिली उभी काडी लाल करतं आणि पुढच्या तीन-तीन काड्यांचे गट निळे करतं: १ + ३ × १००. दुसरं पहिला अख्खा चौकोन लाल करतं: ४ + ३ × ९९. तिसरं वरच्या शंभर, खालच्या शंभर आणि उभ्या एकशे एक काड्या वेगवेगळ्या रंगवतं: १०० + १०० + १०१. तिन्ही हिशेब ३०१ वर येतात. तीन वेगळ्या मांडण्या एकच गोष्ट सांगतात आणि शंभराच्या जागी कोणतीही संख्या घातली तरी त्या जुळतात, हे मुलाला पटलं की बीजगणित सुरू झालं. त्यासाठी अजून एकही अक्षर लागलेलं नाही.

इथे स्प्रेडशीटचा मोह आवरावा. लिबरऑफिसमध्ये ४ आणि ७ लिहून कोपरा खाली ओढला की शंभरावी ओळ क्षणात भरते, आणि मुलाने विचार केलेला नसतो. आधी अंदाज पाटीवर लिहून घ्यावा, कारण विचारावं, आणि मगच घरं ओढून पडताळा पाहावा. क्रम उलटा झाला तर यंत्राचं गणित पक्कं होतं, मुलाचं नाही.

‘बरोबर’ म्हणजे काय?

८ + ४ = ☐ + ५. चौकटीत काय येईल? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीतल्या १४५ मुलांपुढे हा प्रश्न ठेवला होता. एकानेही ७ लिहिलं नाही. सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७ होती. आपल्याकडच्या वह्याही चाळून पाहाव्यात. ‘८ + ४ = १२ + ५ = १७’ अशी आगगाडी हमखास सापडते. मुलांच्या लेखी ‘=’ हे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम असतो.

रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या गणितीने १५५७ साली हे चिन्ह छापलं, तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांइतक्या समान दुसऱ्या दोन गोष्टी असू शकत नाहीत, असं कारण दिलं होतं. समानतेचा हा अर्थ शाळेत कुठेतरी हरवतो, आणि डिजिटल साधनं त्यात भरच घालतात. कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबलं की उत्तर उगवतं. सरावाच्या ॲपमध्ये रिकामी चौकट जवळजवळ नेहमीच उजव्या टोकाला असते. मग मुलाने दुसरा अर्थ शिकावा तरी कुठून?

उपाय साधा आहे. चौकट जागा बदलत राहिली पाहिजे: ☐ = ७ + ५, १२ = ☐ + ३, ६ + ☐ = ४ + ९. जोडीला ‘चूक की बरोबर’ असे प्रश्न द्यावेत, बेरीज न करता: ३७ + ५६ = ३९ + ५४. एका बाजूला दोन वाढले, दोन कमी झाले, म्हणून बरोबर. हे बोलून दाखवणारं मूल पुढे समीकरणांना घाबरत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संग्रहात ‘इक्वॅलिटी एक्सप्लोरर’ नावाचा तराजू आहे. दोन्ही पारड्यांत वस्तू टाकायच्या, तोल साधायचा आणि मग कुलूप लावायचं. कुलूप लावल्यावर एका पारड्यातून काही काढलं की दुसऱ्यातूनही तेवढंच निघतं. ‘दोन्ही बाजूंतून सारखंच वजा करा’ हे पुढच्या इयत्तांत नियम म्हणून घोकलं जाणारं वाक्य इथे हाताने करून पाहायला मिळतं. वजाबाकीपाशी मात्र तराजू थोडा अवघडतो, ‘उणे तीन सफरचंदं’ पारड्यात ठेवता येत नाहीत. तेवढ्यापुरता तो बाजूला ठेवावा.

यंत्रात काय घातलं, काय निघालं

हा खेळ मुलांना सर्वांत आवडतो आणि तयारीला फार तर पाच मिनिटं लागतात. स्प्रेडशीटमध्ये एका घरात ‘शेजारच्या संख्येची दुप्पट अधिक १’ असं सूत्र टाकायचं आणि ते झाकायचं. मुलं संख्या सांगतात, यंत्र उत्तर देतं, नियम ओळखायचा. स्क्रॅच ही प्रोग्रामिंगची भाषा येणारी पाचवीतली मुलं दुसऱ्या गटासाठी स्वतःच अशी यंत्रं बनवतात, आणि नियम बनवताना ओळखण्यापेक्षा जास्त शिकतात.

खरी मजा संख्या निवडण्यात आहे. समजा, २ घातल्यावर ४ आले. नियम कोणता? दोन मिळवा, दुप्पट करा, की संख्येला तिनेच गुणा? तिन्ही बसतात. आता कोणती संख्या घालावी? ० घातला तर ‘दोन मिळवा’ वेगळा पडतो, पण उरलेले दोन्ही नियम शून्यच देतात. १० घातले तर १२, २० आणि १००. तिघांचा एकाच फटक्यात निकाल. ‘कोणती संख्या विचारली तर जास्त कळेल?’ हा प्रश्न मुलाला पडायला लागला की तो दिवस वाया गेला नाही असं खुशाल समजावं. आयत्या ॲपमध्ये संख्या यंत्रच निवडतं, त्यामुळे नेमका हाच भाग गळतो.

फसवा आकृतिबंध

वर्तुळाच्या कडेवर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी रेषेने जोडा. वर्तुळाचे किती तुकडे होतात? एका बिंदूला १, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाला किती, हे विचारायचीही गरज पडत नाही. अख्खा वर्ग ‘बत्तीस’ म्हणून ओरडतो.

मोजल्यावर ३१ भरतात. आणि बिंदू अगदी सारख्या अंतरावर ठेवून नियमित षटकोन केला असेल तर ३०, कारण तीन मोठे कर्ण मध्यभागी एकाच बिंदूत मिळतात आणि तिथला एक तुकडा नाहीसा होतो. जिओजेब्रामध्ये एक बिंदू बोटाने किंचित सरकवला की मधोमध इवलासा त्रिकोण उघडतो: एकतिसावा तुकडा. कागदावर हे दाखवायला दोन आकृत्या काढाव्या लागतात, आणि बिंदू सरकताना त्रिकोण उघडतो तो क्षण तरीही हाती लागत नाही. पडद्याची बाजू मला जिथे निर्विवाद वरचढ वाटते, अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

चार-पाच संख्या जुळल्या म्हणजे नियम सिद्ध झाला असं नाही, हे मुलांनी लहानपणीच एकदा फसून अनुभवावं. अर्थात शिष्यवृत्तीच्या पेपरात हा वाद घालू नये. तिथे परीक्षकाच्या मनातली संख्याच लिहावी.

देवळालीच्या गुरुजींचा खेळ

द. रा. कापरेकर नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ ही संख्या त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते, आणि १९४९ मध्ये त्यांनी ती शोधली तेव्हा हाताशी कागद-पेन्सिल एवढंच होतं. ६१७४ चा खेळ चार अंकी संख्यांचा; चौथी-पाचवीच्या मुलांसाठी त्याचाच तीन अंकी प्रकार पुरे. तिन्ही अंक सारखे नसलेली संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२ घेतली तर ५३२ − २३५ = २९७, मग ९७२ − २७९ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५. पुढे कितीही वेळा केलं तरी ४९५ च.

पहिली दोन-तीन उदाहरणं हातानेच करावीत, हातच्याची वजाबाकी आपोआप घोटली जाते. नंतर कॅल्क्युलेटर द्यावा आणि सगळ्या वर्गाची मधली उत्तरं एका तक्त्यात गोळा करावीत. तक्ता भरत गेला की कोणीतरी म्हणतंच, ‘मधला अंक नेहमी ९ आहे!’ मग पहिला आणि शेवटचा मिळूनही ९ होतात, हे लक्षात येतं. का? सर्वांत मोठा अंक शतकाच्या जागी होता, तो एककाच्या जागी गेला; सर्वांत लहान अंकाचं उलट झालं; मधला जागीच राहिला. म्हणून फरक नेहमी ९९ च्या पटीत येतो. मोठा अंक ५ आणि लहान २ असेल तर ३ × ९९ = २९७. एकच अडचण सांभाळावी: २११ घेतली तर उत्तर ९९ येतं, ते ०९९ धरायचं.

रंगीत चौकटी आणि मग अक्षरं

रिकामी चौकट ते ‘क्ष’ ही उडी लहान मुलांना मोठी वाटते. मधली पायरी रंगांची. लाल चौकट + लाल चौकट + निळी चौकट = १३; एका रंगात एकच संख्या. लाल ४ तर निळी ५, लाल ६ तर निळी १. पडद्यावर एका लाल चौकटीत संख्या भरली की सगळ्या लाल चौकटी आपोआप भरतील अशी सोय करावी. स्प्रेडशीटमध्ये ती एका सूत्राचं काम आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावं आहेत. कोणी ‘हा पोरखेळ झाला’ म्हणालं, तर तेवढं सांगायला हरकत नाही.

वर्गात एकच पडदा असेल तर

बहुतेक शाळांत तसंच असतं, आणि या विषयापुरतं त्याने फारसं अडत नाही. अंदाज पाटीवर, चर्चा जोडीने आणि पडताळा पडद्यावर, असं केलं तर तीस मुलांना एक टीव्ही पुरतो. फेटची सिम्युलेशन एकदा उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात आणि काही मराठीतही आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधलं साहित्य मिळतं, पण त्यात व्हिडिओ बरेच. व्हिडिओतला माणूस नियम सांगून मोकळा होतो, म्हणून तो तासाच्या शेवटी लावावा.

ॲप निवडताना दोन-तीन गोष्टी तपासाव्यात. चुकल्यावर ते लगेच बरोबर उत्तर दाखवतं का? दाखवत असेल तर नको. घड्याळ बंद करता येतं का? आणि उत्तराच्या चौकटीत देवनागरी अंक चालतात का? पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत, आणि मराठी माध्यमातल्या दुसरी-तिसरीच्या मुलाने ७ अचूक लिहूनही त्याला फुली मिळते.