‘बरोबर!’ म्हणण्याआधी

ओला रुमाल दोरीवर वाळला, म्हणजे नेमकं काय झालं? पाचवीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की कुणीतरी सांगतं, ‘पाणी उडून गेलं.’ ‘बरोबर! म्हणजे पाण्याचं बाष्पीभवन झालं,’ म्हणत बाई पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मुलगा खूश, बाईही खूश. अर्ध्याहून अधिक उत्तर बाईंनीच दिलं, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेतल्या डग लेमोव्ह यांनी नेमकं या सवयीवर बोट ठेवलं. गरीब वस्त्यांतल्या ज्या शाळांचे निकाल उत्तम लागत, तिथल्या शिक्षकांचे तास त्यांनी बारकाईने पाहिले आणि २०१० साली ‘टीच लाइक अ चॅम्पियन’ या पुस्तकात त्यांची तंत्रं मांडली. त्यातलं एक असं, की उत्तर पुरतं आल्याशिवाय ‘बरोबर’ म्हणायचंच नाही. ‘सुरुवात चांगली आहे. उडून गेलं, म्हणजे कुठे गेलं?’ असं विचारायचं. नुसतं ‘बाष्पीभवन’ म्हणणारी मुलगीही मग सुटत नाही. पुस्तकातला शब्द तोंडातून आला की समजलं, असं आपण फार चटकन धरून चालतो. उत्तर पुरतं आलंच, तर बक्षीस म्हणून आणखी अवघड प्रश्न: रुमाल सावलीत वाळला असता का? जुलैत रत्नागिरीत तो लवकर का वाळत नाही?

‘माहीत नाही’ म्हणून खाली बसायचीही सोय नाही. शिक्षक दुसऱ्याकडून उत्तर काढून घेतात आणि पुन्हा पहिल्याकडे येतात. इथे मला जरा धास्ती वाटते. ऐकलेलं वाक्यच त्याने परत म्हटलं, तर ती पोपटपंची झाली. त्याच्याकडून नवं उदाहरण मागितलं, तरच काही हाती लागतं. हात वर न करणाऱ्याला विचारायचं, तर जास्तच जपायला हवं, कारण आपल्याकडे ‘तू रे, ऊठ!’ हे बहुतेक वेळा शिक्षा म्हणूनच ऐकलेलं असतं. म्हणून आधी प्रश्न, मग थोडी उसंत आणि शेवटी नाव. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग मोकळा होतो.

उसंत किती द्यायची? संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. १९७०च्या दशकात आलेले त्यांचे निष्कर्ष आजही बोलके आहेत. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबत, गप्प राहणारी मुलं कमी होत आणि मुलं आपणहून प्रश्न विचारू लागत. उत्तर आल्यानंतरही तेवढंच थांबायचं. अर्धवट वाक्य मग पुष्कळदा मूल स्वतःच पुरं करतं. वर्गासमोर उभं राहून तीन सेकंद गप्प राहणं वाटतं तितकं सोपं नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

रो यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना शिक्षक हुशार समजत, त्यांच्यासाठी ते जास्त थांबत. मागे पडलेल्यांच्या वाट्याला कमी वेळ येई. ‘अमका कधी उत्तरच देत नाही,’ असं म्हणण्याआधी त्याला किती सेकंद मिळाले, हे आता खिशातल्या मोबाइलवर आपलाच तास ध्वनिमुद्रित करून मोजता येतं.