गाडीला वय असते, पोटाला नसते!

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांनी एका मोटारीचे मृत्युलेख छापले. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात तिची नोंद झाली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचा धंदा बंद झाला. मग काय, आठवणींचा पूर आला. कुणाला सिनेमातली काळी-पिवळी आठवली, कुणाला टपावरच्या कॅरियरवर बांधलेल्या वळकट्या आठवल्या. एक तरी पद्मिनी संग्रहालयात जतन करा, अशी मागणी टॅक्सीमेन्स युनियनने केली. मागणीत वावगे काहीच नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. गाडी संग्रहालयात जाईल, तिचा चालक कुठे जाईल? मोटारीवर मृत्युलेख लिहिणाऱ्या लेखण्या चालकापाशी येऊन का थांबल्या?

आमच्याकडे २०१९ साली असाच एक टॅक्सीवाला आला होता. वय छप्पन. प्लॅस्टिकच्या पिशवीत परमिट, गाडीचे बुक आणि वर्षावर्षाची पासिंगची कागदपत्रे नीट लावून आणलेली. "जयभीम वकीलसाहेब, गाडी पास आहे, पण वय झालं म्हणतात," एवढेच तो बोलला. आम्ही कागद तपासले. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याने एकही वर्ष चुकवले नव्हते. सरकारच्याच निरीक्षकाने वर्षानुवर्षे शिक्का मारून सांगितले होते की ही गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे. आणि विसावे वर्ष संपले त्या दिवशी त्याच सरकारने सांगितले, आता ही अयोग्य. एका रात्रीत गाडीत काय बिघडले? काहीच नाही. कॅलेंडरचे पान उलटले.

त्याने त्या कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज दिला. उत्तर तोंडी मिळाले, "भंगारात घाला." लेखी द्या म्हटले तर लेखी मिळेना. येथेच आम्ही वकील म्हणून अडकलो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८९ खाली परिवहन प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध अपील करता येते. पण अपील करायचे तर हातात आदेश हवा. तोंडी हुकमाविरुद्ध अपील कशाचे करणार? आम्ही दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. तोवर त्याची चूल थांबली नव्हती. पतपेढीचा हप्ता थांबला नव्हता. तिसऱ्या महिन्यात तो दुसऱ्याच्या नव्या टॅक्सीवर रात्रपाळीला लागला. वीस वर्षे स्वतःच्या गाडीचा मालक असलेला माणूस रोजच्या भाड्याने गाडी घेणारा चालक झाला. आमच्या फायलीत हे प्रकरण 'अपूर्ण' म्हणून पडून आहे. ते अपूर्ण राहिले यात आमचाही दोष आहे, हे आम्ही कबूल करतो. तेव्हाच उच्च न्यायालयात जायला हवे होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण भावनेवर खटले चालत नाहीत. गाडीचे आयुष्य ठरविण्याचा अधिकार कलम ५९ ने केंद्र सरकारला दिला आहे. परमिटला अटी घालण्याचा अधिकार कलम ७४ ने परिवहन प्राधिकरणाला दिला आहे. मुंबईत टॅक्सीसाठी २००८ मध्ये पंचवीस वर्षांची मर्यादा आली आणि २०१३ मध्ये ती वीस वर्षांवर आणली गेली. अशा अटीला सर्वोच्च न्यायालयाची मान्यताही आहे. १९८० साली उत्तर प्रदेशातील सुभाषचंद्र खटल्यात सात वर्षांपेक्षा जुनी गाडी नको ही अट न्यायालयाने उचलून धरली. निकाल न्या. कृष्ण अय्यर यांचा होता. प्रवाशांच्या सुरक्षिततेचा विचार त्यामागे होता. म्हणून वयाची अट बेकायदेशीर आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ती अपुरी आहे, आंधळी आहे आणि तिचा भार एकाच वर्गाच्या पाठीवर टाकला गेला आहे.

आमच्या बांधवांनी गैरसमज करून घेऊ नये. धुराची तरफदारी आम्ही करीत नाही. शहराचा धूर आधी आमच्याच वस्तीत शिरतो. महामार्गाच्या कडेला झोपडी कुणाची असते? सिग्नलवर दिवसाचे बारा तास कोण बसतो? धूरग्रस्त रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली जुन्या टॅक्स्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला लावले. टॅक्सीवाल्यांनी कर्ज काढून सीएनजीच्या टाक्या बसवल्या, डिकीतली सामानाची जागा घालवली. म्हणजे शहराची हवा सुधारण्याची किंमत टॅक्सीवाल्याने एकदा मोजलेली आहे. त्याच्याकडून दुसऱ्यांदा किंमत मागताना हिशेब दाखवायला नको काय?

दुसरी बाजू बघा. तीच पद्मिनी खासगी नंबरची असेल तर? पंधरा वर्षांनंतर तिची तपासणी होते, पर्यावरण कर भरला जातो आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढते. पुढे पुन्हा वाढते. शौकिनाच्या दारात ती तीस वर्षांचीही चालते आणि रविवारी फेरफटका मारते. फरक काय? एकीचा रंग काळा-पिवळा आणि दुसरीचा पांढरा. टॅक्सी जास्त धावते, परके प्रवासी नेते, म्हणून तिला नियम कडक हवेत, हे आम्हाला मान्य आहे. पण कडक नियम म्हणजे कडक तपासणी. तपासणीत पास झालेल्याला नापास ठरवणे याला कडकपणा म्हणत नाहीत.

दिल्लीत काय घडले तेही आठवा. १ जुलै २०२५ पासून तिथे मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन बंद झाले. त्यात खासगी मोटारी होत्या, मध्यमवर्गाच्या मोटारी होत्या. ओरड झाली आणि काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको असा अंतरिम आदेश दिला. डिसेंबरमध्ये हा दिलासा भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला गेला. म्हणजे न्यायालयाने वयाबरोबर गाडीचा दर्जाही पाहिला. २०२१ चे केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरणही खासगी आणि धंद्याच्या गाड्यांच्या बाबतीत तपासणीचीच भाषा बोलते. मोटारवाल्यांनी आवाज केला की काही दिवसांत हुकूम मागे जातो. टॅक्सीवाल्याच्या आवाजाला दहा वर्षांत कुणी कान दिला?

ज्या इंग्रजांकडून परवान्याची ही पद्धत आपण घेतली, त्यांच्या देशात काय चालते? लंडनच्या बाहेर इंग्लंडमध्ये टॅक्सीचा परवाना तेथील कौन्सिल देते, म्हणजे आपल्याकडील नगरपालिकेसारखी संस्था. त्यामागे १८४७ चा एक जुना कायदा आहे आणि १९७६ चा स्थानिक शासनाचा कायदा आहे. रस्त्यावर हात दाखवून थांबवायची टॅक्सी वेगळी आणि आधी फोन करून बोलवायची भाड्याची खासगी गाडी वेगळी. दोन्हींना परवाना लागतो. गाडी सुरक्षित आहे का, सुस्थितीत आहे का, प्रवाशाला सोयीची आहे का, एवढे पाहणे कौन्सिलचे काम. ती वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळा गाडी तपासू शकते. अनेक कौन्सिलांनी तिथेही वयाची मर्यादा घातली. पण तिथल्या परिवहन खात्याने २०१० च्या मार्गदर्शनात स्पष्टच सांगितले की जुनी गाडीही उत्तम स्थितीत असू शकते, सरसकट वयोमर्यादा मनमानी ठरू शकते, त्यापेक्षा पाच वर्षांवरच्या गाडीची वर्षातून दोनदा तपासणी करा.

आणि कौन्सिलने परवाना नाकारला तर? मालक मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जाऊ शकतो. धोरण असले तरी प्रत्येक गाडीचा वेगळा विचार करावा लागतो. 'आमचे धोरण आहे' एवढे सांगून अधिकाऱ्याला हात झटकता येत नाहीत. भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्या असंख्य कुटुंबांची चूल या टॅक्सीवर पेटली आहे, म्हणून हे हक्क त्यांच्या कामाचे आहेत. लंडनने टॅक्सीची मर्यादा पंधरा वर्षांवरून टप्प्याटप्प्याने २०२२ पर्यंत बारा वर्षांवर आणली. पण जुनी टॅक्सी लवकर काढून टाकणाऱ्या मालकाला दहा हजार पौंडांपर्यंत रक्कम देण्याची योजनाही आणली.

तिकडे स्वर्ग आहे असे समजू नका. कौन्सिलागणिक नियम वेगळे असल्याने चालक जिथे सोपे तिथे परवाना काढतात. वुल्व्हरहॅम्प्टनच्या परवान्याच्या गाड्या दूरदूरच्या शहरांत धावताना दिसतात आणि त्यावरून तिकडे मोठा वाद आहे. नुसती मर्यादा घातल्याने प्रश्न सुटत नाही, तो गावाबाहेर जातो, एवढेच त्यातून शिकायचे. पण लेखी कारण, स्वतंत्र विचार, अपील आणि मोबदला या चार गोष्टी तिथल्या व्यवस्थेत सापडतात. आमच्या छप्पन वर्षांच्या बांधवाच्या वाट्याला यातली एकही आली नाही.

आपल्याकडे म्हणतात, परमिट तर शाबूत आहे ना? कलम ८३ खाली गाडी बदलून घ्या. खरे आहे. परमिट राहते. पण परमिटवर प्रवासी बसत नाही, गाडीत बसतो. नव्या गाडीला लाखांत रक्कम लागते. बँक स्वतःचा हिस्सा मागते, जामीनदार मागते, वय विचारते. छप्पन वर्षांच्या चालकाला सात वर्षांचे कर्ज कोण देणार? ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्यासाठी वयोमर्यादा म्हणजे नवी गाडी घेण्याचे निमित्त. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती धंद्यातून हकालपट्टी. कागदावर नियम एक, जमिनीवर दोन. फुटपाथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला याच मुंबईचा होता. मग मुंबईच्या टॅक्सीवाल्याला तो लागू नाही काय?

चळवळीच्या पानावर टॅक्सीचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी १९२९ सालचे चाळीसगाव आठवावे. चौकशीच्या कामासाठी बाबासाहेब तिथे उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याला टांग्यात बसवून आपण हाकायचे, हे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपल्याच वस्तीतला एक माणूस बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि जबर जखमी झाले. टांगा होता, घोडा होता. नव्हता तो सरावाचा हात. तो आपल्या वस्तीत का नव्हता? कारण त्या धंद्यात आपल्याला शिरकावच नव्हता.

या प्रसंगातून आम्ही दोन गोष्टी घेतो. भाड्याच्या वाहनाचा परवाना ही केवळ लोखंडाची बाब नाही. प्रवाशाची सुरक्षा गाडीइतकीच चालकाच्या हातात असते. तीस वर्षे शहर पालथे घातलेला चालक धंद्याबाहेर फेकून आपण रस्ता सुरक्षित करतो की असुरक्षित? आणि दुसरी गोष्ट. जो धंदा एके काळी आपल्याला बंद होता, त्यात आपली माणसे बिल्ला लावून, परमिट काढून, स्वतःच्या गाडीचे मालक म्हणून शिरली. हा शिरकाव कष्टाने मिळाला. तो भांडवलाच्या अभावी पुन्हा निसटू द्यायचा काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पंधरा वर्षांनंतर टॅक्सीची वर्षातून दोनदा कसून तपासणी करा, धूर मोजा, ब्रेक तपासा. नापास झाली तर खुशाल बंद करा, पास झाली तर चालू द्या. नकार द्यायचा तो लेखी द्या, कारणासह द्या, म्हणजे अपील करता येईल. गाडी मोडीत काढायला लावायची तर मोबदला द्या. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना आहे, तिच्यातून परमिटधारकाला गाडी बदलण्यासाठी तातडीने मदत मिळाली पाहिजे. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्या मंडळाच्या कामात गाडी बदलण्याचे अर्थसाहाय्य पहिल्या क्रमांकावर यावे.

आणि टॅक्सीवाल्या बांधवांना एकच सांगणे. तोंडी हुकूम ऐकून घरी परतू नका. अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. गाडीची मुदत संपण्याआधी एक वर्ष वकिलाकडे या, संपल्यानंतर नको. आमच्या त्या बांधवाचे प्रकरण अपूर्ण राहिले ते उशीर झाल्यामुळे. तो आजही रात्रपाळी करतो. त्याचे परमिट ट्रंकेत आहे आणि गाडी केव्हाच भंगारात गेली. पुढच्या माणसाची फाईल अपूर्ण राहू नये, एवढी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ झाले.

जयभीम!