कोपऱ्यातल्या खेळाडूचा भाव

शनिवारी रात्री जेवणं उरकली की समाजमंदिराच्या ओट्यावर वही उघडते. दोनशे पानी साधी वही. डाव्या पानावर आठ नावं, उजव्या पानावर आठवड्याचे गुण, आणि मधल्या शिवणीजवळ पेन्सिलीने लिहिलेल्या अदलाबदली. पेन्सिल यासाठी की शेवटच्या घटकेला कोणाचं मन फिरलं तर खोडता यावं. आम्ही आठ जण ठाकुरवाडीतले, लहानपणापासूनचे सोबती. एक खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो, दोघं पहाटेची कर्जत लोकल धरून ठाण्याकडे, एकाची रिक्षा स्टेशनला लागते, बाकीचे शेतीवाडी बघतात. प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की हे सगळे आठवड्यातून एकदा या वहीभोवती येतातच.

आम्ही याला नुसतं ‘पूल’ म्हणतो. शब्द परका आहे आणि पद्धतही दुरून आलेली. कॅनडात आइस हॉकीचा हंगाम लागला की कचेऱ्यांतून, मित्रांतून असे पूल रंगतात. प्रत्येकाने खऱ्या संघांतले खेळाडू निवडून कागदावर आपला संघ करायचा, त्या खेळाडूंनी मैदानात गोल केला किंवा गोलाला पास दिला की गुण आपल्या खात्यात. अमेरिकेत 1980 साली डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकाने आपल्या मित्रांबरोबर बेसबॉलची अशीच लीग सुरू केली. ज्या रेस्टॉरंटात ते जमायचे त्याचंच नाव त्या खेळाला चिकटलं. तिथे लिलाव, तक्ता आणि अदलाबदल हे तिन्ही होतं. आपल्याकडे लिलावाची सवय वेगळी लावावी लागली नाही. रायगडात टेनिस बॉल क्रिकेटच्या गावस्पर्धांनाही खेळाडूंवर बोली लागते, त्यामुळे बोली कशी चढवायची आणि कुठे थांबायचं हे आमच्या पोरांना आधीच ठाऊक होतं.

आमचा नियम असा. प्रत्येकाला बोलीसाठी शंभर गुण. त्यात सात खेळाडू घ्यायचे: तीन चढाईचे, तीन पकडीचे, एक अष्टपैलू. प्रो कबड्डी लीगमध्ये बारा संघ, त्यातून आम्हा आठ जणांचे मिळून छप्पन्न खेळाडू उचलले जातात. आठवडाभर त्यांनी जे केलं त्याचा हिशेब शनिवारी. दर आठवड्याला आमच्यातल्या दोघादोघांची जोडी लागते. जास्त गुण त्याचा विजय, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. योगायोग असा की 2025 च्या बाराव्या हंगामात लीगनेही विजयाला दोन गुण ठेवले. त्याआधी विजयाला पाच, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलेल्या संघालाही एक गुण मिळायचा.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती गुण कसे मोजायचे याची आहे.

पुलाच्या पहिल्या हंगामात आम्ही सरळ हिशेब धरला. चढाईचा एक गुण म्हणजे एक, पकडीचा एक गुण म्हणजे एक. ऐकायला न्याय्य वाटतं. पण लिलावात काय झालं? चढाईपटूंवर तीस-पस्तीसच्या बोल्या चढल्या आणि पकडीचे खेळाडू दोन-दोन, तीन-तीन गुणांत गेले. काहींना तर कोणी विचारलंच नाही, नियमाने तीन घ्यावे लागतात म्हणून शेवटी उचलले. कारण आकड्यांतच होतं. परदीप नरवालने पाचव्या हंगामात, 2017 साली, चढाईचे 369 गुण घेतले. एका हंगामातला तो विक्रम. पकडीचं शतक पहिल्यांदा गाठलं ते सहाव्या हंगामात, 2018-19 साली यूपी योद्धाच्या नितेश कुमारने: 100 गुण. म्हणजे आपापल्या कामात शिखर गाठलेल्या दोन माणसांत वहीच्या हिशेबाने साडेतीन पटीहून अधिक अंतर. आता मैदानावर नितेश कुमार परदीपच्या पावपट खेळाडू होता असं कोणी म्हणेल का? उजव्या कोपऱ्यात तो उभा असला की त्या बाजूला जाताना चढाईपटू दोनदा विचार करायचा, आणि त्या विचारालाही किंमत असतेच.

लीगची स्वतःची मोजपट्टी बघा. चढाईत दहा गुण घेतले की सुपर टेन, पकडीत पाच घेतले की हाय फाइव्ह. दोन्ही कामगिऱ्यांचं कौतुक सारखंच होतं. म्हणजे एक पकड दोन चढाई गुणांच्या तोलाची आहे, हे लीगने न सांगता मानलेलं आहे. पुलाच्या दुसऱ्या हंगामात आम्ही पकडीला दुप्पट गुण दिले. तरी लिलावाचा कल फारसा बदलला नाही. मग तिप्पट केले, आणि त्याबरोबर फसलेल्या पकडीला वजा एक. ही वजाबाकी मला आवश्यक वाटते. पकड फसली की समोरच्याला गुण मिळतो आणि आपला गडी बाहेर जातो. जो आठ वेळा झेपावून तीन वेळा धरतो आणि जो चार वेळा झेपावून तीन वेळा धरतो, ते सारखे नव्हेत. पहिल्याने पाच वेळा आपल्याच संघाचं नुकसान केलेलं असतं. आमच्या वहीत पहिल्याला चार गुण मिळतात, दुसऱ्याला आठ.

हे झालं आणि आमचं सामना बघणंच बदललं.

तोवर आम्ही कॅमेऱ्याबरोबर बघायचो. कॅमेरा चढाईपटूच्या मागे जातो, समालोचक त्याचंच नाव घेतो, मैदानातले हात त्याच्यासाठी वर होतात. वाडीच्या मैदानावरही तेच. माती शिंपून रेषा आखल्या की प्रत्येक पोराला आधी चढाईला जायचं असतं, आणि डाव्या कोपऱ्यात उभं राहायला लहानातल्या लहानाला ढकलतात. वहीत पकडीचा भाव वाढला तेव्हा आमच्या नजरा कोपऱ्यात वळल्या. कोपऱ्यातला खेळाडू करतो काय, तर बहुतेक वेळ काहीच करत नाही. गुडघ्यात वाकलेला, हाताने शेजाऱ्याला धरलेला, नजर समोरच्याच्या पायांवर. चढाईपटू मुद्दाम पाय पुढे टाकतो, मागे घेतो. ते आमिष असतं. त्याला भुलला तो गेला. निदान रेषा ओलांडून बोनसला पाय टाकताना सगळा भार एका पायावर येतो तो एक क्षण, तेव्हाच घोट्याला हात. अर्धा सेकंद आधी गेलं तर हात रिकामा, नंतर गेलं तर तो मध्यरेषेकडे झेपावलेला.

आता अदलाबदलीकडे येतो. कारण लिलाव वर्षातून एकदा होतो, पण पूल जिवंत राहतो तो दर शनिवारच्या सौद्यांवर.

नवख्याला वाटतं, चांगला खेळाडू घ्यावा आणि वाईट द्यावा. पण समोरचाही आपला मित्रच. तो तरी वाईट का घेईल? सौदा तेव्हाच होतो जेव्हा एकच खेळाडू दोघांच्या वहीत वेगळ्या किमतीचा असतो. आवणीच्या दिवसांत आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या, असं चालतं ना, तसंच हे. माझी रोपं आज तयार आहेत, तुझी चार दिवसांनी होणार आहेत. माणसं तीच, हात तेवढेच, पण गरजेचा दिवस वेगळा.

वेळापत्रक त्यातलं पहिलं. बाराव्या हंगामात साखळीत 108 सामने झाले, प्रत्येक संघाला 18. पण ते आठवड्यांत सारखे वाटले जात नाहीत. एखाद्या संघाचे एका आठवड्यात तीन सामने येतात आणि दुसऱ्याचा एकच. मला या शनिवारी जोडी जिंकायचीच असेल तर तीन सामने खेळणारा मध्यम खेळाडू मला एक सामना खेळणाऱ्या मोठ्या नावापेक्षा कामाचा. ज्याची जोडी या वेळी सोपी आहे त्याने मोठं नाव घेऊन पुढच्या आठवड्याची वाट बघावी. दोघांचंही भलं होतं.

दुसरं दुखापतीचं. 2022 च्या नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. अख्खा हंगाम संपला. असा खेळाडू ज्याच्या वहीत असेल तो कपाळाला हात लावतो आणि बाकीचे हळहळतात. पण हळहळून झाल्यावर विचारायचा प्रश्न एकच: आता त्या चढाया कोण करणार? कबड्डीत चढाई आळीपाळीने होते, प्रत्येकीला तीस सेकंद. खेळाडू बाहेर गेला म्हणून त्याच्या वाट्याच्या चढाया नाहीशा होत नाहीत, दुसऱ्याच्या वाट्याला येतात. त्या हंगामात त्या नरेंदर कंडोलाच्या वाट्याला आल्या. तोवर त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याने दोनशेच्या वर गुण घेतले. थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. मोठा खेळाडू पडल्या रात्री जो हळहळीबरोबर त्या संघाची राखीव फळीही वाचतो, त्याचा आठवडा सुधारतो.

तिसरं मला स्वतःला उशिरा कळलं. पकडीचा खेळाडू कधीच एकटा नसतो. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला तरी शेजारचा मध्यरक्षक अंगावर आला नाही तर चढाईपटू त्याला ओढत रेषेपर्यंत नेतो. एकदा मी रिक्षावाल्या मित्राला एक चांगला चढाईपटू देऊन त्याच्याकडचा कोपरा घेतला. गुणांचा हिशेब पक्का केला होता, सामनेही मोजले होते. पण त्या कोपऱ्याशेजारी साखळी धरणारा गडी जखमी होऊन बसला होता, ते मी बघितलं नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या कोपऱ्याच्या नावापुढे वजाबाकीच जास्त लिहिली गेली. मित्राने सौद्याच्या रात्रीच मला विचारलं होतं, “दादा, शेजारी कोण आहे बघितलंस का?” त्याला माहीत होतं, आणि त्याने सांगितलंही होतं. ऐकलं मी नाही. अशा प्रामाणिकपणावरच हा पूल उभा आहे.

म्हणूनच आमच्याकडे सौद्याला दोन कुंपणं आहेत. कोणताही सौदा उरलेल्या सहा जणांसमोर वाचून दाखवायचा. चार जणांनी हरकत घेतली तर तो होत नाही. आणि शेवटच्या दोन आठवड्यांत अदलाबदल बंद. तेव्हा तळाला असलेल्याला स्वतःसाठी काही उरलेलं नसतं, आणि जवळच्या मित्राला आपले चांगले खेळाडू देऊन टाकायचा मोह होतो. असलं साटंलोटं एकदा झालं की बाकी सगळ्यांची आठ आठवड्यांची मेहनत वाया जाते.

पैसा आम्ही कधीच लावला नाही. वाडीतल्या एका पोराने मोबाइलवरच्या अशाच एका खेळात महिन्याचा पगार घालवला, घरी सांगायची हिंमत झाली नाही म्हणून तीन दिवस कामावरून परतलाच नाही. त्याची आई ओट्यावर येऊन आम्हाला विचारत होती, तो चेहरा मी विसरलेलो नाही. केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ड्रीम इलेव्हननेही पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम बरोबर आठवड्याने, 29 ऑगस्टला लागला. मला या कायद्याने हायसं वाटलं. मोबाइलवर समोर कोण आहे ते दिसत नाही. तिथे सौदा नसतो, शेजारी कोण आहे बघितलंस का असं विचारणारा कोणी नसतो. आमच्या वहीत जिंकणाऱ्याला मिळतं ते पुढच्या लिलावात पहिली बोली लावायचा मान, आणि तळाच्याला वर्षभर वही सांभाळायची.

गेल्या हंगामात ऑक्टोबरच्या एका शनिवारी हळवं भात कापून झालं होतं, ओट्याजवळ पेंढ्यांचा वास होता. हिशेब आटोपला, सौदे वाचून झाले, तरी कोणी उठलं नाही. पुणेरी पलटणचा सामना चालू होता. वाडीत रेंज एकाच कोपऱ्याला येते, तिथे मोबाइल विटेला टेकवून ठेवला होता. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई, म्हणजे गुण घेतलाच पाहिजे. समालोचक चढाईपटूचं नाव घेत होता. आमच्यातला एक, सातवीतला भाचा मांडीवर घेऊन बसलेला, त्याच्या कानाशी पुटपुटला, “त्याच्याकडे नको बघू. डावीकडे बघ, खाली.” पोराने मान वाकडी करून पडद्याच्या कडेला बघितलं. कोपऱ्यातला गडी गुडघ्यात वाकून उभा होता, चढाईपटूचा पाय दोनदा पुढे येऊन मागे गेला होता, आणि तो अजून हलला नव्हता.