तिळगुळाची डबी आणि आजीचं लाल पेन

संक्रांत झाली की आठवड्याभरात मिरजेहून आमच्या धारवाडच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड येतं. वर 'श्री', खाली माझ्या लेकीला अनेक आशीर्वाद, आणि त्याखाली लाल शाईत शुद्धलेखनाच्या चुका, क्रमांक घालून. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी हातातलं लाल पेन काही सुटलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डात एकच चूक दाखवली होती. 'तिळगूळ' या शब्दात 'गू' दीर्घ हवा, तुम्ही ऱ्हस्व काढला आहे. चूक एकच, पण ती आम्ही चाळीस ठिकाणी केली होती. कारण तो शब्द आम्ही पेनाने लिहिलाच नव्हता. खोडरबरावर कोरून त्याचा ठसा केला होता आणि चाळीस कार्डांवर हौसेने उमटवला होता. कार्डं तर पोस्टात पडून नातेवाइकांच्या घरी पोचलीसुद्धा होती!

हा उद्योग सुरू कसा झाला ते सांगते. सत्तरी ओलांडल्यावर आईला ऐकू येणं कमी होत गेलं. कानातलं यंत्र आहे, पण फोन कानाला लावला की ते शिट्टी मारतं. धारवाडहून मी ओरडायचं, तिकडून तिने 'जेवलात का सगळे?' एवढंच पुन्हा पुन्हा विचारायचं, आणि दोघींनी हिरमुसून फोन ठेवायचा. सणावाराला भावाच्या मोबाइलवर आम्ही शुभेच्छांची चित्रं पाठवायचो. पतंग, तिळाचे लाडू, चमचमती अक्षरं. एका संक्रांतीला ती भावाला म्हणाली, "हे सगळ्यांना आलेलं आहे. मला काय आलंय?"

तो प्रश्न मनाला लागला. दुसरी गोष्ट त्याच सुमारास लक्षात आली. माझं सासर कन्नड, माहेर मराठी. लेक माझ्याशी मराठीत आणि वडिलांशी, अज्जीशी कन्नडमध्ये अस्खलित बोलते. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा कन्नड, आणि देवनागरीशी ओळख फक्त हिंदीच्या तासापुरती. मिरजेच्या आजीला तिने पहिलं कार्ड केलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं 'तिलगुल'. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, मग तिला तो भेटणार कुठे? बोलताना तिच्या तोंडी असलेला 'ळ' कागदावर उतरलाच नव्हता. आपल्या जुळ्या शहरात अशी मुलं घरोघरी आहेत, हे या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पाकिटातला हलवा

आमच्या लहानपणी संक्रांतीची भेटकार्डं दुकानात टांगलेली असत. पाकीट न चिकटवता बुक-पोस्टाने टाकलं की तिकीट कमी लागे. कार्डासोबत काटेरी हलव्याचे चार दाणे घालायची पद्धत होती. पोस्टातल्या शिक्क्याच्या दणक्याखाली सापडून त्यांचा बहुधा चुरा झालेला असे, पण तो चुराही आम्ही जिभेवर ठेवायचो. धारवाडला आल्यावर कळलं की ज्याला आपण हलवा म्हणतो त्यालाच इथे 'कुसुरेळ्ळु' म्हणतात. नाव वेगळं, दाणा तोच.

नाताळच्या भेटकार्डाचा जन्मच मुळी पोस्टाच्या सोयीतून झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोचवण्याची व्यवस्था आली. तिच्या उभारणीत ज्यांचा हात होता त्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. सगळ्यांना वेगवेगळी पत्रं लिहायला वेळ नाही, ही त्यांची अडचण! म्हणजे छापील शुभेच्छा ही मुळातच वेळ वाचवण्याची युक्ती. आपण घरी कार्ड करतो तेव्हा नेमकं उलट करतो, वेळ घालवतो. आणि ज्याच्यासाठी घालवतो त्याला तो दिसतो.

एका कागदात डबी आणि झाकण

साहित्य फार लागत नाही. हुबळीच्या दुर्गदबैलात किंवा धारवाडच्या सुभाष रोडवर स्टेशनरीच्या दुकानात सगळं मिळतं. ए-फोर आकाराचा जाड कार्ड पेपर घ्यावा, २२० ते २५० जीएसएमचा. झेरॉक्सचा कागद साधारण ७५ चा असतो, त्याची डबी उभी राहत नाही. गुळगुळीत चकचकीत कागद टाळावा, स्टँप पॅडची शाई त्यावर वाळत नाही आणि बोट लागलं की फासटते.

कागदालाही लाकडासारखी रेघ असते, हे मला फार उशिरा कळलं. कारखान्यात यंत्रावर कागद वाहत असताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेने झोपतात. आपल्याजवळच्या दांडेलीच्या गिरणीतला असो की आणखी कुठला, यंत्रावरच्या कागदाची ही रीतच आहे. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूची घडी स्वच्छ बसते, दुसऱ्या बाजूची कडेला फुटते. म्हणून घडी घालण्याआधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढून घ्यावी. हातकागदात तंतू असे एका दिशेने झोपत नाहीत. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे हा सुती चिंध्यांचा कागद आपल्याकडे ओळखीचा झाला. कार्डाला तो फार शोभतो, पण जाड तंतूंमुळे पंचमध्ये अडकतो.

आता डबी. ए-फोर कागदातून १५ सेंटिमीटरचा एक चौरस आणि १३.३ सेंटिमीटरचा दुसरा, असे दोन्ही निघतात. मोठ्या चौरसाच्या चारही कडांपासून ३ सेंटिमीटरवर रेघा दाबाव्यात. चारही कोपऱ्यांतल्या छोट्या चौकोनांची एकेक बाजू कापावी, तो चौकोन आत दुमडून चिकटवावा. ९ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३ उंच अशी डबी होते. लहान चौरसाला २ सेंटिमीटरवर रेघा दाबल्या की झाकण तयार. ते डबीपेक्षा तीन मिलिमीटर मोठं असतं, म्हणून अलगद बसतं. उरलेल्या पट्टीतून नावाच्या चिठ्ठ्या निघतात.

झाकणावर फुलाच्या पंचने जाळी पाडावी, दुमडण्याआधी. पंच पालथा धरला की फूल नेमकं कुठे पडणार ते दिसतं. पंच अडखळू लागला तर मेणकागदावर चार-सहा वेळा चालवावा, बोथट झाला तर ॲल्युमिनियमच्या फॉइलवर. आणि पंचमधून पडलेली इवलीशी फुलं फेकू नयेत, तीच कार्डावर चिकटवावीत.

ठशाची सर्वांत सोपी सुरुवात स्वयंपाकघरातच होते. भेंडी आडवी कापली की फूल मिळतं, बटाटा अर्धा कापला की हवा तो आकार कोरता येतो. अक्षरांसाठी मात्र मोठं, मऊ, पांढरं खोडरबर हवं. आमच्या पहिल्या ठशात आम्ही अक्षरं सुलटी कोरली, ती कागदावर उलटी उमटली. गंमत म्हणजे त्यातला 'ळ' तेवढा बरा दिसत होता, कारण तो दोन्ही बाजूंनी बराचसा सारखाच. मग युक्ती सापडली. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द लिहायचा, तो कागद रबरावर पालथा घालून चमच्याने घासायचा. अक्षर आपोआप उलटं उतरतं. कोरताना पातं बाहेरच्या बाजूला तिरपं धरावं, म्हणजे अक्षराचा पाया रुंद राहतो आणि ठसा लवकर मोडत नाही. पातं अर्थात मोठ्यांच्या हाती.

रिकामी डबी द्यायची नाही

पहिल्या वर्षी भरलेली डबी पार्सलने मिरजेला पाठवली. पोचली तेव्हा ती चेपलेली होती आणि तिळाचं तेल कागदातून फुटून कार्डावरच्या अक्षरांपर्यंत गेलं होतं. तेव्हापासून लाडू ठेवायचे तर आत बटर पेपर घालतोच. वर्तमानपत्राचा तुकडा घालू नये, छपाईची शाई खाण्याला लागते. ठसेसुद्धा डबीच्या बाहेरच्या अंगालाच उमटवावेत.

चेपण्यावर लेकीने उपाय काढला. डब्या न चिकटवता, रेघा दाबून, सपाट पाठवायच्या. आजी तिकडे चिकटवेल, आपल्या हातचा तिळगूळ भरेल आणि वाड्यातल्या मुलांना देईल. मला हे पटलं. सासूबाईंना पटेना. "खाली डब्बी कोडबारदव्वा!" शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करायची नाही, हा त्यांचा आणि माझ्या आईचा एकच नियम. शेवटी तडजोड झाली. प्रत्येक सपाट डबीसोबत एका पुडीत कुसुरेळ्ळुचे चार दाणे. दाणे आता पार्सलातून जातात, त्यामुळे चुरा होत नाही.

सासूबाई स्वतः ठशांच्या कामात शिरल्या त्या कन्नड मजकुरामुळे. कार्डाच्या एका बाजूला 'तिळगूळ घ्या, गोड बोला', दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि'. शब्द दोन भाषांतले, मागणं एकच. तीळ आणि गूळ या दोन्हींत 'ळ' आहे, म्हणून लेकीने 'बेल्ल'मध्येही 'ळ' कोरायला घेतला. अज्जीने चष्मा वर करून अडवलं. एळ्ळुमध्ये 'ळ', बेल्लमध्ये 'ल'. म्हणजे मिरजेची आजी 'ळ' घाल म्हणून सांगणार आणि धारवाडची अज्जी 'ळ' काढ म्हणून! त्याच दिवशी तिने आणखी एक शब्द शिकवला. 'अच्चु' म्हणजे साचा, ठसा, छपाईसुद्धा. संक्रांतीला म्हैसूरकडे साखरेची चित्रं करतात, ती 'सक्करे अच्चु'. आणि 'अच्चुमेच्चु' म्हणजे लाडकं, अगदी आवडतं.

ऱ्हस्व उकाराचा ठसा आम्ही टाकून दिला आणि नवा कोरला. नियमही पाठ झाला. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा उकार दीर्घ, म्हणून 'तिळगूळ'. पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व, म्हणून 'तिळगुळाची'. वहीत दहादा लिहून जे राहिलं नसतं, ते खोडरबर दुसऱ्यांदा कोरताना कायमचं राहिलं.

साधनकेरीच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो कन्नड कवितेसाठी. धारवाडला दोन भाषा नव्या नाहीत. पण दुसरी लिपी आता घरात आपोआप येत नाही, तिला वर्षातून एकदा तरी काम द्यावं लागतं.

या वर्षी मिरजेहून आलेल्या पोस्टकार्डात लाल शाई नव्हती. 'चूक नाही. आशीर्वाद.' एवढंच. मी खूश, लेक मात्र हिरमुसली. इतर वर्षी पोस्टकार्ड भरलेलं असायचं. रात्री हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी एखादी चूक ठेवू का?"

मी म्हटलं, चूक नको, प्रश्न ठेव. तिच्या शाळेत संक्रांत कशी व्हायची, पहिला पगार किती होता, विचार. ठसा सगळ्यांना सारखाच जाऊ दे, त्याच्याखालच्या चार ओळी फक्त तिला. लगेच वही काढून तिने प्रश्नांची यादी करायला घेतली. सात प्रश्न झालेत. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. मी काही बोलले नाही.