‘कल्याण’ नावाची चूक

झाईला महाराष्ट्र संपतो. बोर्डीच्या सुरूच्या बनाला वळसा घालून रस्ता गावात शिरतो, खाडीत बोटी लागलेल्या असतात, आणि समोर गुजरातचा उंबरगाव तालुका. या चिंचोळ्या पट्टीत किनाऱ्याला मच्छीमार, तलासरीच्या अंगाला वारली, धोडिया, आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांमध्ये इराणी-पारशी अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. बोली निराळ्या, ताटं निराळी, सोयरिकी तर अजिबात नाहीत. रक्ताच्या प्रयोगशाळेत मात्र कोळी, आदिवासी आणि पारशी ही नावं एकाच एन्झाइमच्या निमित्ताने शेजारीशेजारी लिहिली गेली. ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे त्याचं नाव. दवाखान्यात सगळे नुसतं जी-सिक्स-पीडी म्हणतात.

या एन्झाइमचं काम समजायला झाईची बोट बरी पडते. लोखंडी खिळे-पट्ट्या खाऱ्या पाण्यात गंजतात, म्हणून पावसाळ्यात बोट वर ओढून रंगरोगण करतात. तांबड्या पेशीची गतही तीच: पोटात लोह, वर माल ऑक्सिजनचा, म्हणजे गंजायची सगळी तयारी. तो गंज खरवडायचं काम ग्लुटाथायॉन करतं, आणि वापरलेल्या ग्लुटाथायॉनला पुन्हा कामाचं करायला जी रसद लागते ती जी-सिक्स-पीडी पुरवतं. शरीरातल्या इतर पेशींकडे ही रसद मिळवायच्या आणखी वाटा आहेत. तांबड्या पेशीकडे एवढी एकच. तिला केंद्रक नाही, त्यामुळे नवं एन्झाइम घडवता येत नाही. निघताना जी शिदोरी मिळाली, तिच्यावरच सुमारे १२० दिवसांची सफर करायची.

ही शिदोरी काही जणांत जन्मतःच कच्ची असते. एन्झाइमची घडी नीट बसत नाही आणि ते लवकर विरतं. एरवी याचा पत्ताही लागत नाही. माणूस जाळी ओढतो, भात लावतो, म्हातारा होतो. पण एखादं औषध पेशीवर गंजाचा भार एकदम टाकतं, तेव्हा म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात. दोन-तीन दिवसांत डोळे पिवळे, अंगात त्राण नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही उणीव असावी असा अंदाज आहे. एन्झाइमच्या आनुवंशिक उणिवांमध्ये इतकी पसरलेली दुसरी नाही.

भारतात तिचा पहिला माग लागला तो मुंबईच्या पारशी समाजात. एल. डी. संघवी आणि सहकाऱ्यांचा तो निबंध १९६३ चा. पुढे १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या एन्झाइमचा नवा प्रकार सापडला आणि त्याला ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’ असं नाव मिळालं. (कोळी हे नाव किनाऱ्यावरही आहे आणि डोंगरातही, त्यामुळे त्यावरून लगेच होडी डोळ्यांपुढे आणू नये.) त्या काळी जनुक वाचायची सोय नव्हती. एन्झाइम विजेच्या प्रवाहात किती वेगाने सरकतं, किती उष्णता सोसतं, यावरून प्रकार ठरायचा आणि जिथे सापडला त्या गावाचं नाव त्याला चिकटायचं. असे शेकडो प्रकार जमले. कल्याणसारखा केरळही होता.

१९९२ मध्ये दोघांची जनुकं वाचली, तर कल्याण आणि केरळ एकच निघाले. हे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाशी असतं आणि त्यातून ५१५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. कल्याण प्रकारात जनुकातल्या ९४९ व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर आहे. त्यामुळे साखळीच्या ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी लायसिन येऊन बसतं. पहिल्याचा विद्युतभार ऋण, दुसऱ्याचा धन. आता पुस्तकांत ‘केरळ-कल्याण’ असं जोडनाव छापतात. १९९५ मध्ये ओरिसा प्रकार वाचला गेला: १३१ व्या जागी ‘सी’चा ‘जी’, आणि ४४ व्या अॅलनिनच्या जागी ग्लायसिन. हा प्रकार भारतातल्या आदिवासी समाजांत मुख्यत्वे आढळतो. तिसरा मेडिटरेनियन, ५६३ व्या जागी ‘सी’चा ‘टी’. इटलीपासून इराणपर्यंत त्याचाच दबदबा, आणि भारतातल्या बिगर-आदिवासी समाजांतही तोच सर्वांत जास्त.

इराण म्हटलं की झाईच्या वाचकाला संजाण आठवणारच. उंबरगाव तालुक्यातलं हे गाव इथून हाकेच्या अंतरावर. पारशांची जहाजं तिथे लागली, आणि संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बारडच्या डोंगरात बारा वर्षं जपला, असं परंपरा सांगते. मग मेडिटरेनियन अक्षरही त्याच जहाजातून उतरलं असेल? असं लिहायचा मोह मला झाला होता. पण जनुकात १३११ व्या जागी आणखी एक अक्षर असतं, ते एन्झाइमचं काही बिघडवत नाही. भूमध्य सागराकाठच्या मेडिटरेनियन प्रकारात तिथे बहुतेक ‘टी’ सापडतो, भारतातल्या नमुन्यांत ‘सी’. अर्न्स्ट ब्यूटलर यांनी १९९० मध्ये यावरून असा तर्क मांडला की ही चूक युरोपात आणि आशियात बहुधा स्वतंत्रपणे घडली. वेगवेगळ्या गावच्या दोन पोरांनी एकाच शब्दात एकच ऱ्हस्व-दीर्घ चुकवावं, तसं. जहाजाची गोष्ट छान आहे, पण एवढ्या पुराव्यावर ती रचता येत नाही.

अशा चुका टिकल्या कशा, तर मलेरियामुळे. जंतूला तांबड्या पेशीत वाढायचं असतं आणि कच्च्या शिदोरीची पेशी त्याला मानवत नाही. जिथे मलेरिया जुना, तिथे ही उणीव जास्त. आणि दैवदुर्विलास असा की, याच पेशींना सर्वांत मोठा धोका मलेरियाच्याच एका औषधाचा आहे. व्हायवॅक्स मलेरियाचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्यांना मारायला प्रायमाक्विन लागतं, चौदा दिवस रोज. काहींनाच हे औषध का बाधतं, याचा उलगडा १९५६ मध्ये झाला. अल्व्हिंग, कार्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगात कैद्यांवर केलेल्या प्रयोगांतून तो आला. असे प्रयोग करायला आज कोणी परवानगी देणार नाही.

तलासरी-डहाणूचे कितीतरी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. तापातून उठून पुन्हा बोटीवर चढायची घाई असलेल्या माणसाला चौदा दिवसांची पुडी देताना तीन-चार दिवसांनी ‘लघवीचा रंग बघ रे’ असं सांगणारं कोणी शेजारी हवं. उणीव असलेल्यांसाठी दुसरी वाट आहे: आठवड्याला एक डोस, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली.

तपासणी फार महागडी नाही. बोटाचं थेंबभर रक्त रसायनात मिसळून काही मिनिटांनी त्याचा ठिपका शोषकागदावर टाकतात आणि वाळल्यावर अतिनील दिव्याखाली धरतात. एन्झाइम पुरेसं असेल तर ठिपका निळसर चमकतो, नसेल तर अंधारात विझलेला दिसतो. ही चाचणी दोन ठिकाणी फसते. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रक्तात उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं, आणि ठिपका खोटाच चमकतो. दुसरी फसगत बायकांची. त्यांच्याकडे एक्स दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच जागा असतो; म्हणून एकाच बाईच्या रक्तात चांगल्या आणि कच्च्या पेशी मिसळून वाहतात. ठिपका मग चमकतोही आणि नाहीही. मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो. त्यामुळे मुलाच्या बाबतीत चौकशी बापाची करून उपयोग नाही, ‘मामाला कधी गोळ्यांनी असं झालं होतं का’ हे विचारावं.

ही उणीव असलेल्यांनी काय टाळावं, याच्या मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांबद्दलही थोडं. ‘फावा बीन’ खाऊन इटली-ग्रीसमध्ये लोक आजारी पडतात, आणि भाषांतर करताना कोणीतरी तिथे ‘वाल’ लिहून मोकळं होतं. फावा म्हणजे उत्तरेतला बाकला. त्यातली व्हिसिन आणि कॉनव्हिसिन ही रसायनं त्रास देतात. आपला वाल, पावटा ही वेगळीच वनस्पती, तिच्यात ती नाहीत. बिरड्यावरचा आरोप तेवढा मागे घ्यावा.

डांबरगोळ्यांवरचा मात्र खरा आहे. ट्रंकेत कपड्यांना कसर लागू नये म्हणून टाकतात त्या नॅप्थालिनच्या गोळ्यांची वाफ श्वासातून आणि कातडीतून तान्ह्या बाळाच्या रक्तात जाते, आणि उणीव असलेल्या बाळाच्या पेशी फुटतात. पहिल्या दोन दिवसांतच कावीळ चढू लागली तर बाळ-बाळंतिणीला दवाखान्यात न्यावं, आणि जाता जाता आजीला विचारावं, मऊ म्हणून काढलेलं ते जुनं लुगडं कुठल्या ट्रंकेतलं?