युद्धपूर्व मंत्रतयारीचे स्वयंचलन (संगणकीय खेळ)

युद्धपूर्व मंत्रतयारीचे स्वयंचलन म्हणजे कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळांत लढाई सुरू होण्यापूर्वी आपल्या पथकावर चढवावयाचे संरक्षक व बलवर्धक मंत्र एकेक करून न योजता, एकदा ठरवून दिलेल्या सूचनांनुसार एकत्रितपणे लागू करवून घेण्याची पद्धत होय. अशा मंत्रांना खेळाडूंच्या बोलीत ‘बफ’ म्हणतात. संकटापूर्वी कवच धारण करण्याची कल्पना मराठी वाचकास परकी नाही. रामरक्षेत मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण मागितले जाते. संगणकीय खेळांतील कवच मात्र काही मिनिटांत उतरते आणि पुढच्या लढाईपूर्वी पुन्हा चढवावे लागते. स्वयंचलनाची गरज या पुनरावृत्तीतून निर्माण झाली.

पार्श्वभूमी

या पद्धतीचे मूळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (इ.स. १९७४) या टेबलावर खेळावयाच्या खेळात आहे. त्यातील जादूची रचना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (इ.स. १९५०) या पुस्तकावरून सुचलेली आहे. मांत्रिकाने मंत्र आधी पाठ करून ठेवावयाचे. एकदा उच्चारला की तो मंत्र स्मृतीतून जातो व विश्रांतीनंतरच पुन्हा पाठ करता येतो. त्यामुळे कोणता मंत्र किती वेळा पाठ करावा, हा निर्णय जोखमीचा ठरतो. टेबलावर ‘आम्ही नेहमीची तयारी करून आत शिरतो’ एवढे म्हटले की काम भागते, कारण ऐकणारा माणूस असतो. संगणकाला ‘नेहमीची’ म्हणजे काय हे कोणीतरी आधी सांगावे लागते.

तयारी कंटाळवाणी का होते

सहा जणांचे पथक आणि प्रत्येकावर चार वैयक्तिक मंत्र असे धरले, तर २४ मंत्र होतात. प्रत्येकासाठी मांत्रिक, मंत्र आणि ज्याच्यावर तो योजावयाचा ती व्यक्ती, अशा तीन निवडी धरल्या तर ७२ वेळा माउस दाबावा लागतो. एकच मांत्रिक हे सारे करीत असेल आणि प्रत्येक मंत्रास सहा सेकंदांची एक फेरी लागत असेल, तर १४४ सेकंद जातात. ‘हेस्ट’सारखा मंत्र आठव्या पातळीच्या मांत्रिकाने योजल्यास आठ फेऱ्या, म्हणजे ४८ सेकंदच टिकतो, तो सुरुवातीस योजला तर तयारी संपण्यापूर्वीच विरून जातो. म्हणून दीर्घकाळ टिकणारे मंत्र आधी व अल्पकाळ टिकणारे शेवटी, असा क्रम पाळावा लागतो. हा क्रम एकदा उमगला की त्यात विचार करण्याजोगे काही उरत नाही. उरतात ती केवळ बोटांची कष्टाची कामे.

नियमांतील लहान बदलानेही हा भार वाढतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत (इ.स. २०००) ‘बुल्स स्ट्रेंग्थ’ हा मंत्र मांत्रिकाच्या दर पातळीमागे एक तास टिकत असे. इ.स. २००३ च्या सुधारित आवृत्तीत ही मुदत दर पातळीमागे एक मिनिट झाली. सकाळी एकदा करावयाचे काम त्यामुळे प्रत्येक दारापाशी करावयाचे काम झाले. त्याच नियमांनुसार एकाच प्रकारचे दोन लाभ सहसा एकमेकांत मिळवले जात नाहीत, त्यामुळे कोणता मंत्र कोणावर वाया जाईल हेही लक्षात ठेवावे लागते.

खेळांनी पुरविलेली साधने

स्वयंचलनाचा एक जुना नमुना एसएसआय कंपनीच्या ‘कर्स ऑफ दि ॲझ्युअर बॉण्ड्स’ (इ.स. १९८९) या खेळात आढळतो. त्यातील ‘फिक्स’ ही आज्ञा दिली की उपचाराचे मंत्र पाठ करणे, जखमींवर योजणे आणि विश्रांती घेणे हे चक्र खेळ स्वतःच पार पाडी. ही सोय उपचारापुरती होती. संरक्षक मंत्र हातानेच योजावे लागत.

बायोवेअरच्या ‘बाल्डर्स गेट २’ (इ.स. २०००) मध्ये स्वयंचलन हाच मंत्राचा विषय झाला. ‘स्पेल ट्रिगर’ या आठव्या श्रेणीच्या मंत्रात सहाव्या श्रेणीपर्यंतचे तीन मंत्र साठवून एका क्षणी सोडता येतात. ‘कन्टिन्जन्सी’ त्याहून पुढे जाते: एखादी अट, उदाहरणार्थ आयुर्बळ ठरावीक प्रमाणाखाली उतरणे, पूर्ण होताच साठवलेला मंत्र आपोआप लागू होतो. येथे सोयीची किंमत मोजावी लागते, कारण साठवणारा मंत्रही उच्च श्रेणीची जागा व्यापतो. खेळातील पात्रांचे वर्तन ठरविणाऱ्या आज्ञावल्या खेळाडूंना बदलता येत असल्याने, एका कळीसरशी ठरावीक मंत्र योजणाऱ्या आज्ञावल्याही खेळाडूंनी लिहिल्या.

‘फायनल फॅन्टसी १२’ (इ.स. २००६) मधील ‘गॅम्बिट’ आणि ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (इ.स. २००९) मधील ‘टॅक्टिक्स’ यांत अट व कृती यांच्या जोड्या प्राधान्यक्रमाने मांडाव्या लागतात. ठरीव यादी आणि अटींचा नियम यांतील भेद सोलापूरच्या चादरीवरून समजू शकतो. जॅकार्ड मागावर नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत आधीच नोंदलेली असते. कोणते उभे धागे केव्हा उचलावयाचे हे पुठ्ठा सांगतो आणि माग ते निमूटपणे पाळतो. मंत्रांची यादी अशी पुठ्ठ्यांसारखी असते. गॅम्बिट मात्र समोरची परिस्थिती पाहून पुठ्ठा निवडणाऱ्या विणकरासारखे वागते, आणि म्हणूनच चुकीची अट लिहिली गेल्यास नको त्या वेळी मंत्र खर्च करून बसते.

मॉडद्वारे स्वयंचलन

आउलकॅट गेम्सच्या ‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचस’ (इ.स. २०२१) या खेळात वरच्या काठिण्यपातळीवर बफांशिवाय निभाव लागणे अवघड असते. यासाठी ‘बबल बफ्स’ हे मॉड एका खेळाडूने तयार केले. पथकातील मांत्रिकांकडे असलेले मंत्र ते एका तक्त्यात दाखवते. कोणता मंत्र कोणावर हवा याची खूण एकदा केली की पुढे एका कळीने सर्व मंत्र लागू होतात. मंत्रांचा दैनंदिन साठा नेहमीप्रमाणेच खर्च होतो. असे असले तरी खेळाचा तोल अगदी अबाधित राहतो असे म्हणता येत नाही: सारे मंत्र एकाच क्षणी लागले तर वर सांगितलेली १४४ सेकंदांची अडचण नाहीशी होते आणि अल्पजीवी मंत्रांचे मोल वाढते. कन्सोलवर खेळणाऱ्यांना हे मॉड वापरता येत नाही.

स्वयंचलनावरील मर्यादा

अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण एकाची सोय दुसऱ्यास अन्याय वाटू शकते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (इ.स. २००४) पॅलाडिन या पात्राचे आशीर्वाद सुरुवातीस पाच मिनिटे टिकत आणि मोहिमेत ४० जण असत. कोणी कोणावर कोणता आशीर्वाद द्यावा याचे वाटप ‘पॅलीपॉवर’सारखी जोडणी करीत असे. पथकावरील शाप व व्याधी उतरविण्यासाठी असलेली ‘डिकर्सिव्ह’ ही जोडणी तर कोणावर मंत्र योजावा हेही स्वतः ठरवी. खेळाडूने एकच कळ पुन्हा पुन्हा दाबावयाची. डिसेंबर २००६ मधील २.० या सुधारणेने ब्लिझार्डने जोडण्यांचा हा अधिकार काढून घेतला. माहिती दाखविण्यास मुभा राहिली, परंतु लढाईत व्यक्ती व मंत्र यांची निवड खेळाडूनेच करावी असे ठरले.

तयारीच रद्द करणे

काही रचनाकारांनी कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपविण्याऐवजी ते नियमांतूनच वगळले. ऑब्सिडियनच्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’त (इ.स. २०१५) बहुतेक मंत्र लढाई सुरू झाल्यावरच योजता येतात, प्रत्येक बफाची तुलना त्याच क्षणी करता येणाऱ्या प्रहाराशी होते. शत्रूची चाहूल आधी लागल्याचा लाभ यात घटतो, अशी तक्रार जुन्या पठडीतील खेळाडूंकडून होते, आणि ती रास्त आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ (इ.स. २०२३) मध्ये मांत्रिकाला एकाग्रता लागणारा एकच मंत्र एका वेळी टिकवता येतो. परंतु ‘एड’, ‘लाँगस्ट्रायडर’ यांसारखे मंत्र एकाग्रतेविना पुढच्या दीर्घ विश्रांतीपर्यंत टिकतात. त्यामुळे काही खेळाडू केवळ हे मंत्र घालण्यासाठी तळावर भाडोत्री मांत्रिक ठेवतात, रोज सकाळी त्यांना पथकात घेऊन मंत्र योजवून घेतात आणि पुन्हा तळावर परत पाठवतात.